उन्हाच्या आधी मूळ धरायला हवं

शहागड, ता. अंबड, जि. जालना
माघ वद्य, फेब्रुवारी २०२६

प्रिय छबू,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. बाहेर बर्फ साचलेला असताना तू घरात दिव्याखाली मिरचीचं बी रुजत घातलंस आणि खिडकीत मातीच्या कपांची रांग मांडलीस, हे मी आमच्या आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरगी गोदाकाठची आहे, मातीत हात घातल्याशिवाय राहायची नाही." तू विचारलंस, आम्ही काय लावलं, आणि वर लिहिलंस की परसबागेची सुरुवात वसंतातच करायची असते. न्यू जर्सीत ते अगदी खरं आहे. शहागडात त्याला दुसरी बाजू आहे आणि तीच आज तुला नीट लिहायची आहे, कारण यंदा गल्लीतल्या तिघी-चौघींनी माझ्याबरोबर परसबाग सुरू केली आणि सगळ्या जणी हेच विचारत होत्या.

तुमच्याकडे शेवटच्या कडाक्याची तारीख मोजतात. एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला दव गोठायचं थांबलं की रोप बाहेर काढायचं, आणि मग पुढे सगळा उन्हाळा वाढीचा. आम्ही मोजतो ते उन्हाकडून. एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशीला टेकतो, मेमध्ये तो बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. त्याच्या आधी झाडाची मुळं वीतभर खाली गेलेली हवीत आणि जमिनीवर पानांची सावली पडलेली हवी. मार्चअखेर पेरलेलं बी उगवतं, पण दोन पानांवरच करपतं. उलट जानेवारीत घाई करून भेंडी टोकली तर रात्रीच्या गारठ्यात बी मातीतच कुजून जातं, कारण भेंडीला, दोडक्याला, गवारीला उगवायला ऊबदार माती लागते. म्हणजे आपल्या हातात सगळे मिळून चार आठवडे. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते असं आपली आजी म्हणायची. त्या सुमाराला, फार तर होळीच्या आत, बी जमिनीत पडलंच पाहिजे.

उन्हाळ्यातलं आपलं ताट तुला आठवतं ना? एप्रिल लागला की आठवडी बाजारातल्या पालेभाज्या दुपारच्या आत मान टाकतात, भाव वर जातो आणि घरोघरी पिठलं, वरण, सांडग्यांची भाजी, कांद्याची चटणी असं चक्र सुरू होतं. मला यातलं सगळं आवडतं, सांडगे तर जास्तच. पण घरात एखादी बाळंतीण असेल, वाढती पोरं असतील, तर अडीच महिने हिरव्या भाजीवाचून काढणं बरोबर नाही. आणि भाजी कमी पडली की ती सगळ्यात आधी कुणाच्या ताटातून जाते, हे तुला मी सांगायला नको. म्हणून मला फेब्रुवारीतली परसबाग पावसाळ्यातल्या परसबागेपेक्षा मोलाची वाटते. मृगाच्या पावसावर तर उकिरड्यावरही भोपळा येतो. खरी गरज आहे ती वैशाखातल्या भाजीची.

आता जमिनीचं. आमच्या घरामागची जागा काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांतून मुळं तुटतात आणि ओल उडून जाते. तिच्यात भरपूर शेणखत मिसळलं की हा स्वभाव बराच निवळतो. मी चांगलं कुजलेलं शेणखत आणि शेळ्यांच्या लेंड्यांचं खत घातलं. गेल्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदावरीला मोठा पूर आला, त्याच्या बातम्या तू तिकडे वाचल्या असशीलच. काठच्या रानांतून पाणी फिरलं, कुणाची पिकं गेली, कुणाची मातीच खरवडून गेली आणि कुणाच्या बांधाशी गाळ येऊन बसला. तसल्या गाळाच्या चार पाट्या आमच्या भाच्याने आणून टाकल्या. ज्या पाण्याने इतकं नेलं त्याचाच गाळ वाफ्यात पसरताना मनाला कसंसं झालं. पण गाळ चांगला आहे, बारीक वाळू असलेला, आणि काळ्या मातीत तशी वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते.

खोदायचं मात्र वाफसा आल्यावरच. हे नव्याने बाग करणारीला सगळ्यात आधी शिकवायला हवं. मूठभर माती हातात दाबून सोडायची. गोळा होऊन चिकटून राहिली तर अजून दोन दिवस थांबायचं, आणि अलगद फुटली तर टिकाव घ्यायचा. ओल्या काळ्या मातीत खोदलं तर जी ढेकळं बनतात ती पुढे पावसाळ्यापर्यंत फुटत नाहीत. वाफ्यात पायही देऊ नये, म्हणून मी वाफे दोन हात रुंदीचेच ठेवते. दोन्ही बाजूंनी हात पोचतो.

वाफे किती, हा प्रश्न बियांवरून सोडवायचा नसतो. बी स्वस्त असतं आणि हौस मोठी असते. तो सोडवायचा मेमधल्या पाण्यावरून. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या मेच्या उन्हात भाजीच्या वाफ्यातून रोज सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडतं. म्हणजे दहा चौरस मीटरची बाग केली तर रोज सत्तर-ऐंशी लिटर, पाच हंडे. घरातल्या बाईला पिण्याचं, धुण्याचं, गुरांचं भरून झाल्यावर हे पाच हंडे जड होतात. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या अंगाने जातो, उन्हाळी आवर्तन सुटलं की कालव्याखालच्या विहिरींना पाणी वाढतं, हे सगळं खरं. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, १९७६ साली झाला आणि या पट्ट्याचं नशीब बदललं, हेही खरं. पण कालव्याचं पाणी उसाला आणि मोसंबीला जातं. घरामागच्या दोन वाफ्यांचा विचार त्या आवर्तनात कुणी करत नाही. म्हणून मी गल्लीतल्या सगळ्यांना म्हटलं, आधी न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी दिवसाला किती निघतं ते बादलीने मोजा, आणि तेवढीच बाग करा. साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते अळूला, केळीला, शेवग्याला सोडा. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला द्या. ज्यांचं गणित दोन वाफ्यांवर थांबलं त्यांनी दोनच वाफे केले, आणि तेच शहाणपणाचं आहे.

पाणी वाचवायच्या दोन गोष्टी मला मनापासून पटल्या आहेत. पहिली, पाचट. अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याला इथला ऊस जातो, त्यामुळे या दिवसांत तोड झालेल्या फडांत पाचट मागेल तितकं मिळतं. बरेच जण ते पेटवून देतात, आणि ते पाहिलं की माझा जीव तुटतो. रोपं वीतभर झाली की त्यांच्या बुडाशी चार बोटं जाड पाचट पसरायचं. माती तापत नाही, भेगा पडत नाहीत, तण उगवत नाही, आणि पाणी एका दिवसाआड दिलं तरी भागतं. पावसाळ्यापर्यंत त्याचंच खत होतं. दुसरी गोष्ट म्हणजे मडकं. पाझरणारं मडकं वेलाच्या आळ्यात गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर झाकणी ठेवायची. पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं त्याला वेढा घालून बसतात. ही युक्ती चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात सांगितलेली आहे. नवं मडकं घ्यायलाच पाहिजे असं नाही. गेल्या उन्हाळ्यातला चीर गेलेला माठ चालतो, चीर सिमेंटने बुजवली की झालं.

काय लावलं ते आता सांगते. गवार, चवळी, भेंडी, दोडका, दुधी, काकडी. एका कडेला अंबाडी आणि राजगिरा. शेवग्याचं एक झाड बांधाला होतंच. मेथी आणि कोथिंबीर थोडी टाकली आहे, पण ती मार्चअखेर संपवायची. ऊन वाढलं की तिला लगेच फुलोरा येतो. टोमॅटो मी यंदा मुद्दाम टाळला. शेजारणीला तो हवाच होता. तिला समजावून सांगितलं, की दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रही गरम असेल तर टोमॅटोचं फूल येतं पण फळ धरत नाही. आता रोप लावलं तर फुलं येतील ती नेमकी एप्रिलमध्ये. टोमॅटोला आपल्याकडे पावसाळा आणि थंडी. गवारीचं उलट आहे. तिला जितकं ऊन द्याल तितकी ती सुखी, पाणीही कमी लागतं, आणि शेंगकुळातली असल्याने जमीनही सुधारते. मला विचारशील तर मराठवाड्याच्या उन्हाळी परसबागेची खरी राणी गवार. पण जीव जडला आहे तो भेंडीवर, आणि त्याला कारण आहे.

छबू, तुला माहीत आहे का, जालना बियाण्यांचं शहर झालं त्याच्या मुळाशी भेंडी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 'पुसा सावनी' नावाची भेंडी तयार झाली होती. भेंडीचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे केवडा. पांढरी माशी तो रोग पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात आणि शेंगा पांढुरक्या, कडक. पुसा सावनी त्या रोगापुढे टिकायची. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात आपल्या शेतावर तिचं बी तयार करायला घेतलं, आणि १९६४ साली महिको कंपनी उभी केली. त्या काळी चांगलं बी बहुतेक सरकारी खात्याकडूनच मिळायचं. एका शेतकऱ्याने बी पिकवून, पारखून, पिशवीत भरून दुसऱ्या शेतकऱ्याला विकायचं, ही कल्पनाच नवी होती. बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या मोजत बसायला नको, इतक्या आहेत. भाव, संकरित बियाण्यांची सक्ती, यावर माझं वेगळं मत आहे आणि ते पुढे येईलच. पण दुष्काळी म्हणून हिणवलेल्या जिल्ह्यातून देशभर भाजीचं बी गेलं, याचा मला अभिमान आहे.

गोष्ट तिथे संपत नाही. वर्षं गेली तशी पुसा सावनी केवड्याला बळी पडायला लागली. मग आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्याच एका रानटी भाऊबंदाशी केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत १९८५ साली 'परभणी क्रांती' दिली. आपण शाळेत होतो तेव्हा घरी जी हिरवीगार, लांब, निमुळती भेंडी यायला लागली ती हीच. आता रोगही बदलला आहे आणि परभणी क्रांतीचा टिकाव पूर्वीइतका राहिलेला नाही, हे मान्य करून मी तीच लावते. कारण ती सुधारित जात आहे, संकरित नव्हे. म्हणजे तिच्या चांगल्या झाडावरच्या दोन-चार शेंगा वाळू द्यायच्या, बी काढायचं, राखेत घोळून डब्यात ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं. संकरित जातीचं बी असं धरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. दर वर्षी दुकान गाठावं लागतं. शेतावर संकरित वाण घ्यायचा की नाही तो ज्याच्या त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. परसबागेत मात्र बी घरचंच असावं, असं मी ठामपणे म्हणते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमकं हेच केलं. शाळेत गेल्या नाहीत, पण वालाच्या, भाज्यांच्या, भाताच्या गावठी जाती घरच्या मातीच्या भिंतीआड जपल्या आणि बायकांना वाटल्या. त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आत्याबाईंनी आपली बियांची गाडगी पुन्हा उतरवून पाहिली. त्यातलं एक दुधीचं बी अजून उगवतं आहे.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी सावलीत सुकवलं आणि दोन-दोन बिया बोटाच्या दोन पेरांऐवजी एकाच पेराइतक्या खोल टोकल्या, कारण काळ्या मातीत खोल गेलेलं बी वर येताना पापुद्रा फोडू शकत नाही. दोन झाडांत वीतभर, दोन ओळींत हातभर अंतर. साधारण दीड महिन्याने तोडणी सुरू होईल, आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागेल. शेंग झाडावर निबर झाली की झाड पुढची शेंग धरायला आळस करतं. केवडा दिसलेलं झाड उपटून जाळायचं, तिथे दयामाया नको. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट कागद लावले आहेत. गेल्या आषाढात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या आहेत; लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजत, सकाळी फडक्यातून गाळून संध्याकाळी फवारायची. विकतचं औषध घरच्या भाजीवर मारायची मला इच्छा नाही.

वेलांसाठी मांडव केला तो पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा. जानेवारीत तुरी निघाल्या, कापूस संपला, त्यामुळे काड्यांना तोटा नाही. मांडव पश्चिमेच्या अंगाला घातला, म्हणजे दोडका-दुधी वर चढले की दुपारनंतरचं ऊन तेच अडवतील आणि खालच्या अंबाडी-राजगिऱ्याला सावली मिळेल. दोडक्याची एक गंमत शेजारच्या पोरींना दाखवायची आहे. काकडीचं, कारल्याचं फूल सकाळी उमलतं. दोडक्याचं पिवळं फूल आणि दुधीचं पांढरं फूल दिवस कलल्यावर. आधी नुसती नर फुलं येतात, बायका घाबरतात की वेल वांझ निघाला. मग काही दिवसांनी ज्यांच्या मागे बोटभर दोडका चिकटलेला असतो ती मादी फुलं येतात. मधमाशी फिरकत नसेल तर संध्याकाळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा. पाचवीतल्या मुलीला हे एकदा हाताने करू दिलं की विज्ञानाचा तो धडा ती विसरत नाही.

आणखी एक मला फार महत्त्वाचं वाटतं. धाराशिव-लातूरकडे 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या बायकांनी घरच्या शेतातला अर्धा-एक एकर स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, डाळी, भाज्या पिकवल्या. काय पेरायचं आणि किती घरात ठेवायचं, ते त्यांनीच ठरवलं. २०१६ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला. आपल्याकडे एकर कुठला मिळतोय! पण घरामागचे दोन वाफे कुणाला विचारावे लागत नाहीत. त्या दोन वाफ्यांत काय लावायचं हे घरातली बाई ठरवते, आणि त्यातली पहिली भाजी तिच्याही ताटात पडते. गल्लीतल्या पोरी-बायकांनी खुरपं हातात घेतलं ते पाहून मला आनंद झाला तो याच्यासाठी.

तू भेंडीचं बी मागितलंस. मनात असूनही मी ते पाकिटात घालणार नाही. अमेरिकेत बाहेरचं बी न्यायला ते रोगमुक्त असल्याचा दाखला नाहीतर परवाना लागतो. ते नियम चांगल्या कारणासाठी आहेत, एका देशातला रोग दुसऱ्या देशातल्या शेतात जाऊ नये म्हणून. तुझ्याकडे 'क्लेमसन स्पाइनलेस' नावाची भेंडी मिळेल, १९३९ पासूनची, बिनकाट्याची आणि घरी बी धरता येण्याजोगी. भेंडी तिकडे आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर गेली आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या स्वयंपाकात रुजली. तुझ्या वाफ्यात ती लावशील तेव्हा हेही मुलांना सांग. मिरचीबरोबर भेंडी आत्ताच रुजत घालू नकोस. तिचं सोटमूळ लांब जातं आणि हलवलेलं तिला सोसत नाही. मेअखेर माती हाताला कोमट लागली की थेट जमिनीत टोक. आम्ही उन्हाला भिऊन पेरतो तेव्हा तुझं बी डब्यात असेल, आणि तुझी भेंडी फुलावर येईल तेव्हा इथे मृग लागून गेलेला असेल.

परभणीच्या विद्यापीठात दर वर्षी १८ मेला खरीप मेळावा भरतो आणि तिथे विद्यापीठाचं बी मिळतं. मी जाणार आहे. पावसाळ्यासाठी वांगं, टोमॅटो, वाल तेव्हा आणीन. तोवर तू एवढं कर: पहिल्या वर्षी दोनच वाफे घे, बी टोकलेल्या दिवसाची तारीख वहीत लिही, आणि निदान एका झाडाच्या शेंगा बियांसाठी राख.

तुझीच,
शहागडची मैत्रीण